मोटारगाडीचा नागमोडी पट्टा

मोटारगाडीचें झांकण उघडून आंत पाहण्याचा प्रसंग आपणांपैकीं बहुतेकांस आलाच असेल. इंजिनाच्या पुढच्या अंगास एक काळा रबरी पट्टा लहानमोठ्या चाकांवरून वळणें घेत गेलेला दिसतो. त्याची वाट सर्पाच्या चालीसारखी वांकडी, म्हणून त्यास नागमोडी पट्टा म्हणणें योग्य होईल. कारागीर मात्र जुन्या संवयीनें त्याला ‘फॅन बेल्ट’च म्हणतात. हा पट्टा झिजला म्हणजे बदलावा लागतो. काम तासाभराचें, परंतु त्यांत पुष्कळांस एकच अडचण येते. नवा पट्टा आखूड पडतो, निदान तसा भासतो. अशा वेळीं काय करावें व काय करूं नये, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आमच्या शेजारीं एक बागाईतदार राहतात. त्यांची पिकअप गाडी आठवड्यांतून तीन वेळां भाजीपाला घेऊन घाट चढून बाजारास जाते. गेल्या पावसाळ्यांत तिचा पट्टा झिजला, तेव्हां ते, त्यांचे चुलतबंधु व मी असे तिघे नवा पट्टा बसविण्यास सिद्ध झालों. जुना पट्टा घाईनें कापून ओढून काढला; तो कोणत्या चाकावरून कसा गेला होता, हें कोणींच पाहून ठेवलें नाहीं. नवा पट्टा सर्व चाकांवरून नेला, तो शेवटच्या चाकाशीं चार बोटें कमी पडला. ओढून पाहिला, पहार लावून पाहिली. पहारेस माझाही हात होता. अखेर ‘पट्टाच चुकीचा’ असा निकाल देऊन तो परत केला व त्याहून लांब आणला. तो विनासायास बसला. आम्हीं समाधानानें हात धुतले.

दुसऱ्या दिवशीं पहांटे टोमॅटोनें भरलेली ती गाडी घाटाच्या पहिल्याच चढावर असतां उष्णता दाखविणारा कांटा तांबड्या खुणेकडे सरकूं लागला. शेजाऱ्यांनीं शहाणपणानें गाडी तेथेंच उभी केली, म्हणून इंजिन वांचलें. माल दुपारीं दुसऱ्या गाडीनें गेला. तोंपर्यंत भाव उतरला होता. आमची चूक कोठें झाली, हें समजण्यासाठीं प्रथम या पट्ट्याचें कार्य पाहिलें पाहिजे.

इंजिनाच्या तळाशीं मुख्य दांड्यावर एक मोठी पुली असते. तिची गति हा पट्टा इतर यंत्रांस वांटून देतो. विजेची बॅटरी भरणारा अल्टरनेटर, सुकाणूचें चक्र हलकें करणारा तेलाचा पंप, हवा थंड करणारा कॉम्प्रेसर, आणि पुष्कळ गाड्यांत इंजिनाभोंवतीं पाणी खेळविणारा पंप, हे सर्व त्याच्यावर अवलंबून असतात. कांहीं डिझेल गाड्यांत ब्रेकला साहाय्य करणारा निर्वात पंप अल्टरनेटरच्या पाठीशींच जोडलेला असतो. म्हणजे हा एक पट्टा तुटला तर दिवे, सुकाणू, इंजिनाची शीतलता आणि क्वचित् ब्रेकचें बळ हीं सर्व एकदम संकटांत येतात.

पूर्वीं प्रत्येक यंत्रास निराळा पट्टा असे व त्याचा छेद इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असे. अमेरिकेंतील डेन्व्हर येथील जॉन गेट्स यानें १९१७ सालीं रबराचा असा पट्टा तयार केला. पुढें १९८० नंतरच्या दशकांत अनेक पट्ट्यांऐवजीं एकच रुंद व पातळ पट्टा घालण्याची रीत सर्वत्र पसरली. या पट्ट्याच्या एका अंगास लांबीच्या दिशेनें उभे कंगोरे असतात व दुसरें अंग सपाट असतें. कंगोऱ्यांचें अंग खांचा असलेल्या पुलीवर बसतें. सपाट पाठ गुळगुळीत पुलीवर टेकते. पट्टा पुलीला जितका अधिक वेढा घालील तितकी त्याची पकड अधिक. म्हणून मध्यें मध्यें मोकळ्या पुल्या घालून त्याची वाट मुद्दाम वांकडी केलेली असते. शिवाय जी पुली पट्ट्याच्या पाठीनें फिरते, ती इतरांच्या उलट दिशेनें फिरते, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी.

आतां पट्टा आखूड कां पडतो, तें पाहूं. याचीं कारणें मुख्यतः चार आहेत. पहिलें, वाट चुकणें: पट्टा एखाद्या पुलीच्या आंतील बाजूनें जावयाचा तो बाहेरून नेला, तर वाट लांबते आणि योग्य पट्टाही अपुरा पडतो. दुसरें, पट्टाच निराळ्या मापाचा असणें. थंड हवेचें यंत्र असलेल्या व नसलेल्या गाड्यांचे पट्टे सारखे नसतात. तिसरें, ताण देणारी स्प्रिंगची भुजा, जिला टेन्शनर म्हणतात, ती पुरती न फिरणें. चवथें कारण केवळ भासाचें: जुना पट्टा वापरानें सैल झालेला असतो व त्याचे कंगोरे झिजून तो खांचांत खोल बसतो, त्यामुळें त्याच्या मानानें नवा आखूड वाटतो. या चारांपैकीं एकाही कारणावर पहार हा उपाय नाहीं. पहारेनें पट्ट्याच्या आंतील दोरे तुटतात व पुलीची कड वांकते.

काम पुढील क्रमानें करावें. इंजिन पूर्ण थंड होऊं द्यावें, किल्ली काढून खिशांत ठेवावी, हातब्रेक ओढावा आणि बॅटरीची ऋण तार सोडवावी. अंगठी, घड्याळ व लोंबतें वस्त्र दूर करावें. जुना पट्टा काढण्यापूर्वीं त्याच्या वाटेचा नकाशा कागदावर काढावा. पुष्कळ गाड्यांत तो झांकणाखालीं चिकटविलेला असतो. शिवाय हल्लीं खिशांतील फोननें छायाचित्र घेणें कोणासही साधतें.

मग टेन्शनरवर लांब दांड्याचा पाना लावून तो स्प्रिंगच्या विरुद्ध हळूहळू फिरवावा. येथें शाळेंत शिकलेला तरफेचा नियम उपयोगी पडतो. समजा, ६० सेंटिमीटर लांब पान्यास १० किलोग्रॅम वजनाइतका जोर पुरतो. तर १५ सेंटिमीटरच्या पान्यास ४० किलोग्रॅमइतका लागेल. ज्याला ‘टेन्शनर अडकला’ असें वाटतें, त्याचा पाना बहुधा आंखूडच असतो. ताण गेला कीं वरच्या सोयीच्या पुलीवरून पट्टा उतरवावा व भुजा सावकाश परत सोडावी. ती एकदम सोडल्यास पाना उसळून हातास इजा होते.

पट्टा निघाल्यावर प्रत्येक पुली हातानें फिरवून पाहावी. खरखर, डळमळ किंवा तेलापाण्याचा ओलावा आढळल्यास तो दोष आधीं दूर करावा. नंतर जुन्या व नव्या पट्ट्यांवरील आंकडे ताडून पाहावे. ‘६पीके२३००’ असें लिहिलें असेल, तर ६ कंगोरे, पीके या जातीचा म्हणजे दोन कंगोऱ्यांत ३.५६ मिलिमीटर अंतर असलेला, व २३०० मिलिमीटर लांबीचा असा त्याचा अर्थ होतो.

नवा पट्टा खालच्या मोठ्या पुलीपासून वर नेत जावा आणि हातास सहज पोंचेल अशी, शक्य तर बिनकाठाची गुळगुळीत पुली शेवटीं राखावी. एकानें टेन्शनर धरावा, दुसऱ्यानें पट्टा कडेनें सरकवावा. पट्टा तळहातानें ढकलावा. पट्टा व पुली यांच्यामध्यें बोट घालूं नये. मग सर्व वाटेवरून नजर फिरवावी. कंगोरे खांचांवर आणि पाठ गुळगुळीत पुलीवर आहे कीं नाहीं, ही एवढी एक परीक्षा बहुतेक चुका पकडते. एखादा कंगोरा खांचेबाहेर राहिला असेल तर पट्टा थोड्याच वेळांत फाटतो, म्हणून प्रत्येक पुलीची कड बोटानें चाचपावी. शेवटीं मोठ्या पुलीच्या मधल्या बोल्टास पाना लावून इंजिन त्याच्या नेहमींच्या दिशेनें एकदोन फेरे हातानें फिरवावें, आणि मगच तार जोडून तें सुरू करावें. पट्टा करकरतो म्हणून त्यास तेल किंवा साबण कधींही लावूं नये.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. कांहीं इंजिनांत टेन्शनरच नसतो; तेथील पट्टा स्वभावतःच किंचित् ताणला जाणारा असतो. तो बसविण्यास पुलीला अडकविण्याचें खास साधन मिळतें. तें लावून इंजिन हातानें फिरविलें कीं पट्टा आपोआप वर चढतो. असा पट्टा एकदां उतरविल्यावर पुन्हां वापरूं नये.

आतां आमच्या गाडीकडे वळूं. ती घरीं परत आणल्यावर शेजाऱ्यांचा दहावींत शिकणारा मुलगा विजेरी घेऊन वांकून पाहत होता. थोड्या वेळानें त्यानें विचारलें, “काका, या गुळगुळीत चाकावर खांचांची बाजू कशी?” तें चाक पाण्याच्या पंपाचें होतें. पट्ट्यानें त्याच्या आंतून पाठीनें जावयाचें, तो आम्हीं बाहेरून कंगोऱ्यांच्या बाजूनें नेला होता. म्हणून पहिला पट्टा आखूड पडला. आणि लांब पट्टा बसला खरा, पण पंप रात्रभर नव्हे तर घाटापर्यंत उलटा फिरत राहिला. उलट्या पंपानें पाणी पुरेसें खेळेना. दिवे लागत होते, सुकाणू हलकें होतें, म्हणून आमचा संशय पट्ट्याकडे गेलाच नव्हता.

परत केलेला पहिला पट्टा सुदैवानें दुकानांत तसाच होता. तो आणून खऱ्या वाटेनें नेला व लांब पाना लावला. पहार कोपऱ्यांतच राहिली आणि पट्टा चोख बसला. त्या मुलानें दुसऱ्या दिवशीं झांकणाच्या आंतील बाजूस पांढऱ्या रंगानें पट्ट्याच्या वाटेचा नकाशा काढला. तो अद्यापि तेथें आहे, आणि त्या गाडीचें झांकण उघडणारा प्रत्येकजण प्रथम तोच पाहतो.