समुद्रात बोलण्याची पाळी

मुंबई बंदर आणि न्हावा-शेव्याचे जवाहरलाल नेहरू बंदर यांचा कारभार वेगळा असला, तरी खुल्या समुद्रातून त्यांच्याकडे येणारा खोल पाण्याचा मार्ग बाहेरच्या टप्प्यात एकच आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी न्हावा-शेव्याहून निघालेले ‘एमएससी चित्रा’ आणि मुंबईकडे येणारे ‘खलिजिया’ या परिसरात एकमेकांवर आदळले, तेव्हा पाण्यात पडलेल्या कंटेनरांमुळे व सांडलेल्या तेलामुळे दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस ठप्प झाली. अशा दाटीच्या मार्गांवर किनाऱ्यावरून नजर ठेवून जहाजांना माहिती, इशारा आणि सल्ला देणाऱ्या व्यवस्थेला ‘जहाज वाहतूक सेवा’ म्हणतात. सुकाणूची जबाबदारी मात्र कप्तानाचीच राहते.

या सेवेचा एक डोळा रडार, तर दुसरा एआयएस, म्हणजे जहाजाची ओळख, स्थान, दिशा व वेग आपोआप प्रक्षेपित करणारी यंत्रणा होय. तिच्या प्रत्येक वाहिनीवर एका मिनिटाचे २,२५० सूक्ष्म भाग पाडलेले असतात आणि प्रत्येक यंत्र इतरांचे ऐकून स्वतःसाठी मोकळा भाग राखून ठेवते, त्यामुळे शेकडो जहाजे एकाच लहरीवर सहसा गोंधळ न होता ‘बोलू’ शकतात. माणसांना ही शिस्त साधलेली नाही. हाक मारण्यासाठी व संकटासाठी राखलेल्या, १५६.८ मेगाहर्ट्झच्या व्हीएचएफ वाहिनी १६ वर एकाने बटण दाबले की त्याला दुसऱ्याचे ऐकू येत नाही, आणि दोघे एकदम बोलले तर प्रबळ लहर दुर्बळ लहरीला गिळून टाकते. म्हणूनच पहिल्या हाकेनंतर संभाषण दुसऱ्या वाहिनीवर न्यावे लागते, आणि निरोपाआधी तो माहिती आहे, इशारा आहे की सल्ला, हे सांगण्याची पद्धत रूढ झाली. वरकरणी ती पढीक वाटते, पण तिच्यामुळे संदिग्धता टळते.

लहान लाकडी होडी रडारवर अंधूक दिसते आणि तिच्यावर बहुधा एआयएसही नसते, त्यामुळे तिच्या तांडेलाला आवाजाचाच आधार उरतो. व्हीएचएफ लहरी साधारण दृष्टीच्या रेषेत जात असल्याने चार मीटर उंचीवरचा अँटेना शंभर मीटर उंचीवरच्या किनारी अँटेनाशी जेमतेम सव्वीस सागरी मैलांपर्यंत, तर तशाच दुसऱ्या होडीशी नऊ मैलांपर्यंतच बोलू शकतो. त्यापलीकडे ४०६ मेगाहर्ट्झवरचा संकटसूचक प्रेषक उपग्रहाला हाक देतो, आणि ती हाक शोध-बचावाची सूत्रे हलवणाऱ्या तटरक्षक दलाच्या मुंबईतील समन्वय केंद्रापर्यंत जमिनीवरील स्थानकांमार्फत पोहोचते.