आधी एसएमपीएस बघा

भाच्याने मोबाइलवर दाखवलेलं ग्राफिक्स कार्ड मोहात पाडणारं होतं. आरएक्स 580, आठ जीबी, सेकंडहँड, किंमत त्याच्या बजेटच्या निम्मीसुद्धा नाही. ‘‘मामा, उद्याच लॅमिंग्टन रोडला जाऊ.’’

मी म्हटलं, ‘‘आधी सीपीयूचं झाकण उघड.’’

त्याचा कॉम्प्युटर कुठल्याशा ऑफिसातून निघालेला. टॉर्च मारून एसएमपीएसवरचं, म्हणजे वीज पुरवणाऱ्या पेटीवरचं, धुळकट स्टिकर पुसलं : 240 वॅट. वायरींचा झुबका बोटांनी सोडवत गेलो. मदरबोर्डच्या वायरी होत्या, हार्डडिस्कच्या होत्या. कार्डाला लागणारी आठ पिनांची वायर मात्र नव्हतीच. आरएक्स 580 एकटंच 185 वॅट खातं. एसएमपीएस बदलावा, तर या मदरबोर्डवरचा कनेक्टर कंपनीचा खास. बाजारातला साधा एसएमपीएस त्याला बसत नाही.

म्हणजे कार्ड असं हवं, की जे नुसत्या मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर चालेल. तो स्लॉट जास्तीत जास्त 75 वॅट देतो. निवड इथेच निम्मी झाली.

तरी ग्रँट रोडला उतरून गेलोच. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात मात्र लॅमिंग्टन रोड. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक आरएक्स 580 काढून हातात ठेवलं. वरून लख्ख पुसलेलं. आडवं धरून बघितलं, तर स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या आणि कडेला तेलकट ओघळ. आतल्या थर्मल पॅडचं तेल उष्णतेने असं पाझरतं. सप्टेंबर 2022मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं, तेव्हा रात्रंदिवस राबलेली कार्डं ढिगाने सेकंडहँड बाजारात आली. मायनिंगचं प्रत्येक कार्ड वाईट नसतं, पण वॉरंटी किती, असं विचारल्यावर ‘‘दुकानात चालवून देतो’’ एवढंच उत्तर मिळालं.

मग नव्या कार्डांकडे वळलो. आरटीएक्स 3050 मागितलं, तर समोर एकाच नावाचे दोन खोके आले. पहिलं 2022चं, आठ जीबीचं. त्यात 2560 कोअर आणि गरज 130 वॅटची. दुसरं 2024चं, सहा जीबीचं, 2304 कोअरचं. पण 70 वॅटवर भागवणारं. नाव तेच, माल वेगळा. पहिलं जास्त वेगवान, यात वाद नाही. आमच्या डब्यात चाललं असतं ते दुसरंच. सोबत जीटीएक्स 1650 होतं. तेही 75 वॅटचं, पण मेमरी चारच जीबी. नव्या गेमना तेवढी पुरत नाही. सहा जीबीवाल्यांतही एका मॉडेलला वेगळी वायर लागत होती. ते बाजूला ठेवून बिनवायरीचं घेतलं, पक्क्या बिलावर.

घरी येऊन कार्ड दाबलं. स्लॉटची खिट्टी ‘टक्’ वाजली. पंखा फिरला, पण पडदा काळाच. भाच्याचा चेहरा पडला. मॉनिटरची केबल जुन्या सवयीने मदरबोर्डलाच लावली होती. ती कार्डाला लावली आणि चित्र आलं.

स्वस्त कार्ड घ्यायला निघालात, तर खोक्यावरच्या जीबींना भुलू नका. आधी आपल्या एसएमपीएसच्या स्टिकरचा आणि आतल्या वायरींचा फोटो काढा आणि तो दुकानदाराला दाखवा. भावाचं मग बोला.