छताचा पाइप आधी कॉम्प्युटरवर वाकवा



ट्रॅक्टरला सावलीचं छत करायचं तर आपण वर्कशॉपात जातो, हातानं माप दाखवतो आणि पाइप कापून मोकळे होतो. मग कुठं पाय आखूड पडतो, तर कुठं रुंदी बसत नाही. सहा मीटर पाइपला काय पडतं हे आपणांस सांगायला नको. आराखडे काढण्याचा फ्रीकॅड हा प्रोग्रॅम फुकट मिळतो. शिकणाऱ्या मुलामुलींकडून त्यात आधी कमान करून घ्यावी, असे आम्ही सुचवितो.

नवशिक्याला वाटतं, सरळ पाइप काढायचा आणि मग वाकवायचा. तसं नसतं. आधी वाट काढायची. वाट म्हणजे पाइपच्या पोटातून जाणारी मध्यरेषा. समजा उलट्या यू आकाराची कमान हवी आहे. मध्यरेषेच्या मापानं उंची १५०० मिलिमीटर, रुंदी १२००. तीन सरळ रेषा काढा आणि दोन्ही कोपरे ‘फिलेट’ देऊन १५० च्या त्रिज्येने गोल करा. वाटेच्या टोकाशी, वाटेला काटकोनात, एकात एक दोन वर्तुळं काढा. मग ‘ॲडिटिव्ह पाइप’ ही आज्ञा ती वर्तुळं वाटेवरून ओढत नेते. झाली कमान!

वर्तुळाचं माप मात्र जपून. पाण्याच्या लाइनीचा ‘एक इंची’ पाइप बाहेरून एक इंच नसतो, मध्यम जाडीचा सुमारे ३३.७ मिलिमीटर भरतो. जाडी ३.२ धरली तर आतलं वर्तुळ २७.३ चं. कॅलिपर लावून बघावं हे उत्तम.

त्रिज्याही मनानं धरू नये. वर्कशॉपात डाय असेल तेवढीच ती मिळते; आधी विचारून या. त्रिज्या पाइपच्या निम्म्या जाडीपेक्षा कमी दिली तर पाइप स्वतःतच घुसतो आणि प्रोग्रॅम अडतो.

आता खरी कमाई बघा. १५००, १२०० आणि १५०० मिळून ४२०० होतात. पण गोल कोपरा जवळची वाट धरतो. काटकोनी बेंडची लांबी त्रिज्येच्या १.५७१ पट, म्हणजे सुमारे २३५.६, कोपऱ्याकोपऱ्यानं गेलं तर ३००. दोन बेंडचा फरक १२९ मिलिमीटर, जवळजवळ पाच इंच! कापायची लांबी ४०७१. प्रत्यक्षात पायांना बोटभर जास्त ठेवून मागाहून कापावं.

हे छत केवळ उन्हापावसासाठी. ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी चौकट वेगळी असते, ती अशी घरगुती करू नये.

कॉम्प्युटर पाइप चेपत नाही, वर्कशॉपात आतली बाजू चेपते. तापवून वाकवणारे वाळू भरतात. ती कडक सुकी हवी, ओल राहिली तर बंद पाइपात वाफ कोंडून तो फुटतो. शिवाय सोडल्यावर पाइप थोडा मागं उसळतो. म्हणून ९० अंशांसाठी किंचित जास्त वाकवावं लागतं. किती, ते त्याच पाइपच्या तुकड्यावर एक बेंड मारून गुण्यानं मोजा.