काजूच्या बागेतली गोचीड

2016 च्या जानेवारीत सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, केर गावाच्या आसपास माकडं मरून पडू लागली. पाठोपाठ माणसं तापाने फणफणली. ताप कोकणाला नवा नाही. मलेरिया, डेंग्यू आणि भातशेतीत हटकून गाठणारा लेप्टो, तिघांशीही तिथल्या माणसाची जुनी ओळख आहे. हा ताप मात्र वेगळा होता. एकाएकी चढायचा, कपाळ फुटेल असं डोकं दुखायचं, अंगाचा स्नायू न् स्नायू ठणकायचा, काहींच्या हिरड्यांतून आणि नाकातून रक्त यायचं. रक्ताचे नमुने तपासल्यावर निदान झालं: क्यासनूर फॉरेस्ट डिसीज. महाराष्ट्रातला हा त्याचा पहिला उद्रेक. आदल्याच वर्षी सीमेपलीकडे, गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात तो येऊन गेला होता.

लोकांनी त्याचं नाव सुटसुटीत केलं, माकडताप. त्या नावाने दोष मात्र भलत्याच्या माथी बसला. हा विषाणू माकडांना आणि वानरांना माणसापेक्षा कितीतरी सहज मारतो. तो पसरतो गोचिडीच्या चाव्यातून, आणि गोचीड इतकी माजते कशी हे शोधत गेलं की बोट माकडाकडे राहत नाही. ते कुऱ्हाडीकडे, गुरांकडे आणि लागवडीच्या आराखड्यांकडे वळतं.

गोष्ट सुरू होते 1957 मध्ये, शिमोगा जिल्ह्याच्या सोरब तालुक्यातल्या क्यासनूर जंगलात. तिथेही आधी माकडं मेली, मग माणसं आजारी पडली. पुण्यातल्या विषाणू संशोधन केंद्रात, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, ही बातमी पोचली तेव्हा शास्त्रज्ञांच्या पोटात गोळा आला. रानात माकडं मरतात आणि माणसांना ताप येतो, हे पीतज्वराचं लक्षण. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत थैमान घालणारा पीतज्वर आशियात कधीच आलेला नव्हता. तो पसरवणारे डास मात्र भारतात मुबलक. टेलफोर्ड वर्क आणि हॅरल्ड ट्रॅपिडो हे केंद्रातले शास्त्रज्ञ तपासाला लागले. निघालं भलतंच: एक नवा विषाणू, आणि त्याचे भाऊबंद थेट रशियातल्या गोचीडज्वराच्या कुळातले.

सैबेरियाचा नातेवाईक शिमोग्याकडच्या मलनाडात कसा? संशय गेला स्थलांतरित पक्ष्यांवर. थंडीत उत्तरेकडून येणारे पक्षी अंगावरच्या गोचिडींबरोबर विषाणूही आणत असतील का, हे पाहायला जागतिक आरोग्य संघटनेने मदत दिली आणि सालिम अलींच्या देखरेखीखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कड्या अडकवायला सुरुवात केली. भारतातल्या पक्षी स्थलांतराच्या अभ्यासाला या रोगामुळे बळ मिळालं, हा एक गमतीदार योगायोग. पक्ष्यांवरचा आरोप मात्र कधी शाबीत झाला नाही. विषाणू बहुधा त्या रानातच पूर्वीपासून, उंदीर, चिचुंद्र्या आणि गोचिडी यांच्यात फिरत राहिलेला होता. मग प्रश्न उरला: तो 1957 मध्येच माणसाला का सापडला?

या प्रश्नाला हात घातला होर्हे बोशेल या कोलंबियन शास्त्रज्ञाने. माणूस असा की त्याच्या कामाचा पहिला धडा दुसऱ्याच खंडात झाला होता. कोलंबियाच्या जंगलात पीतज्वराचा माग काढताना त्याने पाहिलं की लाकूडतोड्यांनी उंच झाड पाडलं की झाडाबरोबर निळसर डासांचा थवाही खाली येतो आणि माणसांना डसू लागतो. हे डास एरवी शेंड्याच्या उंचीवर राहून माकडांचं रक्त पीत. जमिनीवर चालणाऱ्या माणसाशी त्यांचा संबंधच येत नसे. झाड पडलं आणि संबंध जुळला.

पुढे तोच बोशेल मलनाडात आला, आणि इथे त्याला डासांच्या जागी गोचीड दिसली. 1969 मध्ये त्याने मांडलेलं म्हणणं थोडक्यात असं: लोकसंख्या वाढली, रानात भाताचे तुकडे वाढले, गुरं वाढली आणि ती गुरं रानाच्या कडेला चरू लागली. जिथे उंच झाडं गेली तिथे ऊन जमिनीला लागलं, घाणेरीची जाळी माजली, त्या जाळीत उंदीर आणि चिचुंद्र्यांनी घरं केली. गोचिडीला हवं ते सगळं एका ठिकाणी मिळालं.

ते कसं, हे समजायला गोचिडीचं वर्ष पाहावं लागतं. हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा हे या जातीचं भारदस्त नाव. आयुष्यात ती तीनदा रक्त पिते आणि प्रत्येक वेळी नवं जनावर गाठते. पूर्ण वाढलेली गोचीड पावसाळ्यात मोठ्या जनावराला चिकटते, पोटभर रक्त पिऊन खाली पडते आणि पानांच्या थरात अंडी घालते, एकेक मादी हजारांच्या हिशेबात. पाऊस सरला की त्यातून बारीक अळ्या निघतात. त्या उंदीर, पक्षी, माकडं अशा लहान प्राण्यांवर जगतात आणि विषाणू त्यांना बहुधा तिथेच मिळतो. डिसेंबरपासून त्यांची पुढची, अर्धवट वाढलेली अवस्था सुरू होते. तिळाहूनही लहान असलेली ही पोरसवदा गोचीड माणसाला चावते, आणि चावली हे कित्येकदा कळतही नाही. डिसेंबर ते मे हा माकडतापाचा मोसम त्यामुळेच. लागण झालेलं माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी भुकेल्या पोटी आसपास विखुरतात आणि ती जागा काही काळ धोक्याची होते.

गुरांची भूमिका यात मोठी विचित्र आहे. गाय माकडतापाने आजारी पडत नाही, विषाणूही पुढे फारसा देत नाही. ती फक्त पूर्ण वाढलेल्या गोचिडींना जेवू घालते. पूर्वी हे काम गवे आणि सांबरं करत, पण ती रानात पांगलेली असत आणि संख्येने मोजकी. त्यांच्या जागी रोज त्याच वाटेने रानात जाणारी आणि संध्याकाळी गोठ्यात परतणारी गावभरची गुरं आली. घराच्या उंबऱ्यापासून रानाच्या पोटापर्यंत गोचिडींची जणू वहिवाटच पडली.

बोशेलच्या या मांडणीची कसोटी 1983 मध्ये लागली, आणि ती फार महाग पडली. दक्षिण कन्नडमधल्या बेळतंगडी तालुक्यात काजूच्या लागवडीसाठी जुनं जंगल सफाचट केलं गेलं आणि त्या हंगामात माकडतापाचा आजवरचा सर्वांत मोठा उद्रेक झाला. सुमारे दीड हजार रुग्ण, शंभराहून अधिक मृत्यू. मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञाने 1987 मध्ये त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा शीर्षकातच त्याला विकासाचा रोग म्हटलं. लागवडीचा बेत आखणाऱ्यांनी बियाणं, खड्डे, मजुरी यांचा हिशेब केला असणार. गोचिडीचा रकाना त्या काळी कुठल्याही अंदाजपत्रकात नव्हता. आज तरी आहे का, हा वेगळाच प्रश्न.

त्यानंतर रोगाने आणखी वेशी ओलांडल्या. 2012-13 च्या सुमारास तो बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात दिसला, मग केरळात वायनाडला आणि तमिळनाडूत निलगिरीला. 2015 मध्ये गोवा, 2016 मध्ये दोडामार्ग, आणि पुढच्याच वर्षी सावंतवाडी तालुक्यात बांद्याच्या परिसरात. पश्चिम घाटाच्या नकाशावर हे ठिपके जोडले तर दक्षिणोत्तर एक लांबलचक पट्टा तयार होतो. तो आधीपासून होता आणि तपासण्या वाढल्याने आता दिसला, की रोग खरोखरच सरकतो आहे? थोडं दोन्ही असावं.

इथे एक सोपं वाक्य जिभेवर येतं: झाडं तोडली म्हणून रोग आला. तेवढ्यावर थांबणं बरं नव्हे. रान पार भुईसपाट करून तिथे कारखाना उभा केला तर गोचीडही उरत नाही. घनदाट, माणसाचा पाय न लागलेल्या रानात विषाणू असला तरी चावायला माणूस नसतो. धोका मधल्या अवस्थेत आहे. जंगलाचा एक तुकडा, लगेच बाग, पलीकडे भाताची खाचरं, मध्ये घाणेरी आणि रानमोडीचं दाट जाळं, या सगळ्यांतून फिरणारी गुरं आणि माणसं. अलीकडच्या अभ्यासांचाही रोख असाच आहे. 2019 मध्ये मायकेल वॉल्श यांच्या गटाने पश्चिम घाटातली जंगलतोड आणि रोगाला पोषक भूभाग यांचा संबंध दाखवला. 2020 मध्ये बेथ पर्स आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांना धोका अधिक आढळला तो सदाहरित जंगल आणि लागवड एकमेकांत मिसळलेल्या, गावठी गुरं भरपूर असलेल्या पट्ट्यात. जंगल जितकं फाटतं तितकी त्याची कड वाढते, आणि माणसाची गोचिडीशी गाठ पडते ती या कडेवर.

दोडामार्गचं चित्र याहून निराळं नाही. काजू तिथे जुना. गेल्या काही दशकांत खाजगी रानं तोडून रबर आणि अननसही आले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात वन्यप्राण्यांच्या वाटा तुटत चालल्याच्या तक्रारीवरून मुंबई उच्च न्यायालयाने 2013 मध्ये तिथे वृक्षतोडीला मनाई केली. अमुक टेकडी तोडली म्हणून केरमध्ये ताप आला, असा सरळ धागा कोणी जोडू शकणार नाही, जोडूही नये. पण त्या पट्ट्याला गेलं तर बोशेलने वर्णिलेली जमीन डोळ्यांसमोर दिसते.

त्या जमिनीवर वावरतं कोण? फेब्रुवारी ते मे काजूचा हंगाम. बोंडू खाली पडतात आणि पालापाचोळ्यात वाकून, बसून बी वेचावी लागते. बायका आणि मजूर तासन् तास हेच करतात. त्याच सुमारास भाजावळीसाठी आणि गोठ्यात अंथरायला रानातून पातेरा गोळा होतो. म्हणजे गोचीड ज्या थरात दबा धरून असते नेमका तो थर माणूस हाताने चाळतो, ती सर्वांत भुकेली असते त्याच महिन्यांत. गोव्यातल्या 2016 च्या रुग्णांत काजूच्या बागांतले कामगार होते यात म्हणूनच नवल नाही. काजूचा दर शहरात ठरतो आणि बागेतल्या चाव्याची जोखीम रोजंदारीवरच्या माणसाच्या वाट्याला येते.

असं घडणारी ही एकटी जागा नव्हे. 1998-99 मध्ये मलेशियात वराहपालन केंद्रांच्या आवारात आंब्याची झाडं लावली होती. फळं खायला वटवाघळं आली, त्यांची उष्टी फळं डुकरांनी खाल्ली, आणि निपा विषाणू डुकरांमार्फत माणसांत उतरला. शंभराहून अधिक माणसं दगावली, दहा लाखांच्या आसपास डुकरं मारावी लागली.

माकडतापावर नेमकं औषध नाही. ताप उतरवणं, शरीरातलं पाणी टिकवणं, रक्तस्राव सांभाळणं एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं. बहुतेक रुग्ण बरे होतात, शंभरात तीन ते पाच दगावतात. माणसाकडून माणसाला तो होत नाही, ही त्यातली दिलासा देणारी बाब. कर्नाटकाने 1990 पासून लस दिली, पण दोन डोसांनंतरही ती साठ-बासष्ट टक्केच संरक्षण देत असे आणि बूस्टर घ्यायला लोक फिरकत नसत. 2022 मध्ये ती थांबवावी लागली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी मिळून नवी लस तयार करत आहेत. तोवर आरोग्य खात्याकडे गोचीड दूर ठेवणारं डेपा तेल आहे आणि मेलेल्या माकडाभोवती फवारायची मॅलॅथिऑनची भुकटी आहे. रानातून आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करा, कपडे धुवा, मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता कळवा, हा सल्ला दर हंगामात गावोगाव दिला जातो. सल्ला चोख आहे. पण तेल काही तासच टिकतं, घामाने उतरतं, आणि एप्रिलच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा सदरा घालून दिवसभर बी वेचणं कोणाला जमतं?

माकड मेल्यावर यंत्रणा हलते, ती आरोग्य आणि पशुसंवर्धन खात्याची. झाडं तोडायची परवानगी वन आणि महसूल खात्याकडून मिळते, लागवडीचं अनुदान कृषी खात्याकडून. नव्या बागेचा अर्ज मंजूर करताना गुरं चरतात कुठे, रानाची कड बागेपासून किती अंतरावर आहे, शेजारी आधी ताप येऊन गेला आहे का, हे तीन प्रश्न विचारायला लस तयार होण्याची वाट पाहावी लागत नाही.