फेऱ्यांतील उत्तरें राखण्याची रीति

शाळेंतील फळा अत्यंत उपयोगी खरा. परंतु त्यावर नवें गणित मांडावयाचें तर आधींचें पुसावें लागतें. तासभरांत दहा गणितें सोडविलीं, तरी घंटा होते वेळीं फळ्यावर शेवटचें तेवढें उरतें. ज्यानें वहींत उतरून घेतलें नाहीं, त्याच्या पदरीं बाकीचीं नऊ पडत नाहींत. संगणकाकडून गणितें करवून घेतांना हाच प्रकार घडतो, आणि तेथें तो चटकन् लक्षांतही येत नाहीं. त्याविषयीं चार शब्द आम्ही येथें लिहीत आहों.

संख्याशास्त्राच्या कामासाठीं 'आर' नांवाची एक आज्ञाभाषा प्रचारांत आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठांत रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन या अध्यापकांनीं ती रचिली. ती कोणासही विनामूल्य मिळते, आणि तिच्याबरोबर सरावासाठीं कांहीं तक्तेही येतात. त्यांपैकीं आयरिस फुलांचा तक्ता प्रसिद्ध आहे. एडगर अँडरसन या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञानें घेतलेलीं हीं मापें रोनाल्ड फिशर यांनीं १९३६ सालीं आपल्या निबंधांत उपयोगांत आणिलीं. सेटोसा, व्हर्सिकलर व व्हर्जिनिका या तीन जातींचीं प्रत्येकीं ५०, म्हणजे एकूण १५० फुलें त्यांत आहेत.

प्रत्येक जातीच्या पाकळीची सरासरी लांबी काढावयाची आहे, असें समजूं. एकच आज्ञा तीनदां न लिहितां, "प्रत्येक जातीसाठीं हें कर" असें संगणकास एकदांच सांगतां येतें. यास आवर्तन म्हणावें. आमच्या संगणकवर्गांत आम्हीं हेंच केलें, व उत्तरास 'सरासरी' असें नांव दिलें. तिन्ही फेरे संपल्यावर पाहतों तों ५.५५२ सेंटिमीटर! चूक झाल्याची कसलीही सूचना नव्हती. म्हणून तोच आंकडा आयरिसची सरासरी म्हणून वहींत उतरला देखील. वस्तुतः तो एकट्या व्हर्जिनिकाचा होता. सेटोसाचें १.४६२ व व्हर्सिकलरचें ४.२६० हीं उत्तरें निघालीं होतीं खरीं, परंतु एकाच नांवाखालीं ठेविल्यामुळें नव्यानें जुन्यास पुसून टाकिलें होतें. सर्व १५० फुलांची सरासरी ३.७५८ येते, हें ताडून पाहिलें तेव्हां कोठें आमचे डोळे उघडले.

यावर उपाय म्हणजे 'यादी'. घरांतील मिसळणाचा डबा आपण सर्वांनीं पाहिला आहे. हळद, मोहरी, जिरें हे निरनिराळे जिन्नस आपापल्या वाटींत असतात, आणि डबा मात्र एकच. यादीचेंही तसेंच आहे. तिच्या एका खणांत आंकडा, दुसऱ्यांत शब्द, तर तिसऱ्यांत संबंध तक्ताही राहूं शकतो.

रीति अशी: आवर्तनापूर्वीं तीन रिकाम्या खणांची यादी मांडावी. फेऱ्यांस अनुक्रमांक द्यावे, आणि ज्या फेऱ्याचें उत्तर त्याच क्रमांकाच्या खणांत ठेवावें. शेवटीं खणांस जातींचीं नांवें द्यावीं. यादी मांडण्याची आज्ञा आवर्तनाच्या आंत मात्र लिहूं नये. तसें केल्यास दर फेऱ्यास कोरी यादी पुढें येते आणि आधींचीं उत्तरें पुन्हां नाहींशीं होतात.

खणाचा क्रमांक दुहेरी चौकोनी कंसांत लिहावा. एकेरी कंस वापरिल्यास आंतील वस्तु न मिळतां, एका खणाची लहानशी यादीच हातीं येते. जणूं हळद मागितली आणि हळदीची वाटी ठेविलेला दुसरा डबाच मिळाला!

खण आधींच कां मांडावे, असें कोणी विचारील. दर फेऱ्यास जुन्या यादीस नवें उत्तर जोडून नवी यादी बनविली, तर जुने सर्व खण प्रत्येक वेळीं पुन्हां उतरावे लागतात. हजार फेऱ्यांत असे ४,९९,५०० खण व्यर्थ उतरले जातात. तीन फेऱ्यांस हें जाणवत नाहीं. मोठ्या कामास मात्र फार वेळ लागतो.

संगणक आज्ञेबाहेर कांहीं करीत नाहीं; जें राखावयास सांगितलें नाहीं, तें तो राखीत नाहीं. म्हणून काम संपल्यावर फेरे किती झाले, खण किती भरले, आणि एखादा रिकामा तर राहिला नाहीं ना, हें पाहावें, व मगच आंकडा वहींत लिहावा. आमच्या वहींतील ५.५५२ वर आम्हीं रेघ मारिली, आणि त्याखालीं तिन्ही उत्तरें जातींच्या नांवांसह लिहिलीं. ती रेघ आम्हीं मुद्दाम तशीच राहूं दिली आहे.