निनावी चिठ्ठी आणि सहीचा अर्ज

गावात एखादा खून झाला आणि करणारा सापडला नाही, की महिन्या-दोन महिन्यांत चिठ्ठ्या सुरू होतात. पोलीस पाटलाच्या ओसरीवर सकाळी घडी केलेला कागद मिळतो. ठाण्याच्या टपालात बिनसहीचे पाकीट येते. डाव्या हाताने लिहिलेली वेडीवाकडी अक्षरे, पोराच्या वहीचे फाडलेले पान, आणि मजकूर दोनच ओळींचा : अमक्याला विचारा, त्या रात्री तो कुठे होता. खाली ‘आपला एक हितचिंतक’.

वाचकहो, हा हितचिंतक कोणाचे हित पाहतो हे ओळखणे सोपे नसते. कधी त्याने खरोखर डोळ्यांनी काही पाहिलेले असते आणि नाव सांगायची छाती होत नाही. कधी बांधाचे जुने भांडण असते आणि सूड उगवायला आयती संधी मिळते. आणि एक तिसरा प्रकार आहे. त्यात पत्र लिहिणाराच गुन्हेगार असतो, आणि तो निनावी राहत नाही. मेलेल्याच्या नावाने लिहितो.

जुन्या पिढीतल्या पुणेकरांना लक्ष्मीबाई कर्वे हे नाव आठवत असेल. पैसाअडका असलेली विधवा बाई, मधुमेहाने आजारी. डॉ. अनंत चिंतामण लागू हा तिचा विश्वासू. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री तो तिला मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायचे म्हणून रेल्वेने घेऊन निघाला. पहाटे बाई बेशुद्ध अवस्थेत गोकुळदास तेजपाल रुग्णालयात दाखल झाली आणि त्याच दिवशी वारली. दाखल करताना नाव दिले होते इंदुमती! खरे नावच नसल्याने प्रेताला वारस कोण येणार? लागूला रुग्णालयातून तार गेली, तर त्याने बाईचा भाऊ कलकत्त्याला असतो म्हणून कळवले.

इकडे पुण्यात ओळखीपाळखीच्या मंडळींना पत्रे येऊ लागली. मी पुन्हा लग्न केले आहे, जोशी नावाच्या गृहस्थांबरोबर परगावी सुखात आहे, माझा शोध करू नका, अशा अर्थाची. सही लक्ष्मीबाईंची. बाई तर केव्हाच वारली होती. पत्रे येत राहिली आणि तिची मालमत्ता हळूहळू लागूच्या घशात जात राहिली. विधवेने पुन्हा लग्न केले ही त्या काळी चारचौघांत बोलायची गोष्ट नव्हती. मंडळी गप्प बसतील हा त्याचा हिशेब होता, आणि बरेच दिवस तो बरोबरही ठरला.

हिशेब चुकला तो दोन ठिकाणी. रुग्णालयाने आपले काम चोख केले होते. नाव खोटे असले तरी केसपेपर झाला होता, त्यावर डॉक्टरचा पत्ता होता, बेवारस प्रेताचा फोटो काढला गेला होता, शवविच्छेदनही झाले होते. दुसरे म्हणजे, बाईच्या माहितीतल्या दोघा जणांना पत्रांचा संशय आला आणि त्यांनी सरकारकडे लेखी अर्ज केले. निनावी नव्हे, स्वतःच्या नावानिशी. त्या अर्जांवरून १९५८ मध्ये तपास लागला, फोटोवरून बाई ओळखली गेली. शरीरात विष सापडले नव्हते, तरीही आजूबाजूच्या पुराव्यावर लागूला फाशीची शिक्षा झाली, आणि १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तीनपैकी एका न्यायमूर्तींचे मत मात्र वेगळे पडले, हेही इथे सांगितले पाहिजे.

आता आपल्या पेण तालुक्याकडे या. गागोदे म्हटले की आपल्याला विनोबांची जन्मभूमी आठवते. पण २०१५ साली गागोदे खुर्दचे नाव देशभर गाजले ते वेगळ्याच कारणाने. त्याआधी तीन वर्षे, २३ मे २०१२ रोजी, गावकऱ्यांकडून खबर मिळाल्यावर पेण पोलीस तिथल्या रानात गेले. अर्धवट जळलेले, सडलेले प्रेत पडले होते. अवशेष मुंबईला जे. जे. रुग्णालयात तपासणीसाठी पाठवले गेले. इथवर ठीक. पण गुन्हा नोंदवला गेला नाही, साधी अकस्मात मृत्यूची नोंदही झाली नाही. उरलेले अवशेष तिथेच मातीत पुरले गेले आणि त्यावरून तीन पावसाळे गेले.

ती कोण होती? तपास यंत्रणेच्या म्हणण्याप्रमाणे ती मुंबईत मेट्रोच्या कंपनीत नोकरी करणारी शीना बोरा. २४ एप्रिल २०१२ रोजी तिचा खून झाला आणि प्रेत मोटारीतून पेणच्या रानात आणले गेले. ती अमेरिकेला गेली असे लोकांना सांगण्यात आले. तिच्या नावाने नोकरीचा राजीनामा गेला, ई-मेल गेले, असाही आरोप आहे. पोस्टाचे पाकीट जाऊन संगणक आला, युक्ती तीच. आरोप तिच्या आईसह इतरांवर ठेवले गेले आणि त्यांनी ते नाकारले, म्हणून त्याविषयी इथे अधिक लिहिणे योग्य नाही.

आपल्याला पाहायचे ते एवढेच, की तोंड कसे फुटले. ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबई पोलिसांना निनावी खबर मिळाली, असे तेव्हा वृत्तपत्रांत आले. मग कुटुंबाच्या जुन्या ड्रायव्हरला पिस्तुल बाळगल्यावरून अटक झाली, त्याच्या सांगण्यावरून पोलीस गागोद्याला पोचले आणि रान पुन्हा खणले गेले. म्हणजे नाव न सांगणाऱ्याचाही उपयोग झाला. निनावी खबर ही नेहमीच कुचाळकी असते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पण त्याच वेळी पुण्याची आणि पेणची गोष्ट शेजारी ठेवून बघा. १९५६ साली रुग्णालयाच्या कारकुनाने आणि डॉक्टरने कागद केले, म्हणून दीड-दोन वर्षांनी बेवारस बाईला तिचे नाव परत मिळाले. २०१२ साली गावकऱ्यांनी आपले कर्तव्य केले, नोंदवही मात्र कोरी राहिली. पुढे त्या चुकीच्या चौकशीचे हुकूम सुटले. २०१२ साली गोळा केलेले अवशेष सापडत नाहीत, असे २०२४ मध्ये न्यायालयात सांगण्याची पाळी आली. नंतर ते दिल्लीत सी. बी. आय.च्या कचेरीत मिळाले. मुळातच नोंद पक्की असती तर?

पेण-रोह्याकडचे आपले रान मे महिन्यात माणसांनी भरलेले असते. कोणी करवंदांना, कोणी आंब्यांना, कोणी फाट्यांना जाते. मुंबईच्या मोटारी आपल्याच रस्त्यांनी येतात. तेव्हा असे काही दृष्टीस पडले तर जवळ जाऊन चिवडू नये, गुरे तिकडे सोडू नयेत, आणि पोलीस पाटलाला सांगावे किंवा ११२ वर फोन करावा. पोलीस पाटलावर १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने खबर पोचवण्याची जबाबदारीच टाकली आहे. मात्र सांगून मोकळे होऊ नका. आठवड्याने ठाण्यात जाऊन अकस्मात मृत्यूची नोंद झाली का, तिचा नंबर काय, हे विचारा. लेखी खबर दिली असेल तर पोच घ्या. साहेब रागावतील म्हणून कचरू नये.

आणि निनावी चिठ्ठी हाती आलीच तर? पहिली गोष्ट, ती चावडीवर वाचून दाखवू नये. त्यात ज्याचे नाव आहे त्याची बायकापोरे याच गावात राहतात. निव्वळ चिठ्ठीवर कोणी दोषी ठरत नाही. चिठ्ठी म्हणजे पोलिसांना कुठे पाहावे याची खूण. ती कमीत कमी हाताळावी, टाचणी लावू नये, नव्या घड्या घालू नयेत, स्वच्छ कागदी पाकिटात घालून ठाण्यात द्यावी. मूळ पाकीट तर मुळीच फेकू नका. त्यावरचा टपालाचा शिक्का कुठल्या गावचा ते सांगतो, आणि थुंकी लावून चिकटवलेले तिकीट माणसाचे नावदेखील सांगू शकते. वरच्या पानावर लिहिताना खालच्या पानावर उमटलेले वळही तज्ज्ञांना वाचता येतात.

चिठ्ठीत धमकी असेल तर तो स्वतंत्र गुन्हा आहे. नाव लपवून धमकावणाऱ्याला धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि ज्याने खरेच काही पाहिले आहे पण भीती वाटते, त्याने डाव्या हाताने लिहीत बसण्याऐवजी वरिष्ठ अधिकाऱ्याला एकट्याने गाठून सांगावे. खबर कोणाकडून मिळाली हे उघड करण्याची सक्ती पोलिसांवर न्यायालयातही करता येत नाही, अशी तरतूद आपल्या पुराव्याच्या कायद्यात इंग्रजांच्या वेळेपासून आहे. जुलै २०२४ पासून कायदा नवा आला, त्यातही ती ठेवली आहे.