नाईलची बोट राहू द्या, गदगची गाडी धरा!

क्लिओपात्राच्या देशात लोक लाखभर मोजून बोटीनं हिंडतात. बंगळुरूकर मंडळी, आपण रात्रीची गाडी पकडून गदगला उतरायचं. तिथून लक्कुंडी जेमतेम १२ किलोमीटर. तिथलं ब्रह्म जिनालय बांधवून घेतलं अत्तिमब्बेनं, १००७ च्या सुमारास. चालुक्यांच्या सेनानीची, नागदेवाची ही विधवा. छापखाना कुठला तेव्हा? तरी बाईंनी पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या १००० प्रती ताडपत्रांवर लिहवून वाटल्या! रन्न कवीला आश्रयही तिचाच. आत चार तोंडांची ब्रह्ममूर्ती चुकवू नका (जैन मंदिरात ब्रह्मदेव, हो!). कर्नाटक सरकार आजही अत्तिमब्बेच्या नावानं लेखिकांना पुरस्कार देतं. सुट्टीत महाराष्ट्रात गावी जाणाऱ्यांनी जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेखही गाठावा. पावसाळ्यात मात्र पायाखाली शेवाळ असतं.